लाईट गेल्यावर आमचे साडू

लाईट गेल्याचं ज्याला स्वतःचं म्हणून दुःख होतं असा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. आपल्याकडे लाईट जाते म्हणजे काय होतं? पंखा फिरता फिरता थांबतो, कोणीतरी ‘गेली’ म्हणतं, कोणीतरी दारातून डोकावून शेजाऱ्यांचीही गेली आहे ना याची खात्री करून घेतं, आणि त्यांचीही गेलेली दिसली की बऱ्यापैकी समाधानाने पुन्हा जागेवर येऊन बसतं. आमचा साडू तसं करत नाही. लाईट गेली की तो हातातला घास ताटात ठेवतो, डोळे मिटतो आणि मयतीची बातमी आल्यासारखा मिनिटभर गप्प बसतो. मग म्हणतो, “कोन्तं तरी बिचारं अर्ध्यात लिहून राह्यलं असन.” हे बिचारं म्हणजे परीक्षेला बसलेलं पोर नव्हे. बिचारं म्हणजे कुठल्या तरी शेतात खांबावर टांगलेला प्लास्टिकचा डबा. माणसांबद्दल इतका कळवळा या गृहस्थाने कधी दाखवल्याचं मला आठवत नाही. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा तो भेटायला आला, पलंगाशेजारच्या मशीनची वायर कुठे लावली आहे ते वाकून पाहिलं, नर्सला दोन शब्द सुनावले आणि माझी तब्येत न विचारता निघून गेला.

माणूस मूळचा जळगाव जामोदचा. माझ्या धाकट्या मेहुणीशी लग्न झाल्यावर देऊळगाव राजात आला आणि बसस्टँडच्या मागे एका गाळ्यात दुकान थाटून बसला. आमच्याकडची बोली जालन्याकडे झुकलेली, पण वीस वर्षांत याचं ‘मले-तुले’ काही सुटलं नाही. सुटावं अशी त्याची इच्छाही दिसत नाही. आमच्या तालुक्यात शेडनेट फार. हिरव्या जाळीखाली मिरची, टोमॅटो, ढोबळी यांचं बियाणं तयार होतं आणि त्या जाळीच्या खांबांवर हे डबे असतात. कोणत्या ओळीला किती वाजता पाणी सोडायचं, धुक्यासारखं पाणी उडवणारे फॉगर कधी सुरू करायचे, आत उष्णता किती झाली, हे सगळं डबा पाहतो आणि स्वतःपाशी लिहून ठेवतो. हे डबे जुळवणं आणि लाईट जाऊन त्यांची वाचा गेली की ती परत आणणं, हा आमच्या साडूचा धंदा. पाहुण्यांत कोणी विचारलं की मी ‘रेडिओ दुरुस्त करतो’ असं सांगून मोकळा होतो, आणि ते कानावर गेलं की तो आठ दिवस माझ्याशी बोलत नाही. ते आठ दिवस बरे जातात.

मी हायस्कुलात भूगोल शिकवण्यात हयात घालवली, म्हणून मला समजावताना तो नेहमी नकाशाच घेतो. “असं पाहा सर. भित्तीवर छापील नकाशा लावला. त्याले कोनी हात लावाचा नाही, तो कंपनीचा. त्याच्यावर ट्रेसिंग पेपर टाकला. आता तुमाले जे काय खरडाचं ते त्या पेपरवर. नदी वळवा, गाव खोडा, काईबी करा. खालचं काहीच खोडल्या जात नाही, पन पाहनाऱ्याले दोन्ही मिळून एकच दिसते. समजलं?” समजलं म्हटलं तरी पुढचं ऐकावंच लागतं. “आता लिहिता लिहिता लाईट गेली. पेपर टरकन फाटला. मंग डबा उठते, घाबरते, फाटका पेपर चुरगाळून कोपऱ्यात टाकते, नवा कोरा पेपर लावते, अन् छापील नकाशा दाखवून म्हनते, नमस्कार, मी नवा. अन् हे लोक म्हनतात, चालू झाला!” ‘हे लोक’ हा शब्द तो असा उच्चारतो की त्यात मी, माझी बायको, सगळा तालुका आणि बहुधा मानवजात येते. तो कोपऱ्यात पडलेला चुरगळलेला कागद शोधून, तो आणखी न फाटू देता उलगडायचा आणि वाचायचा, एवढंच त्याचं काम. हे ऐकायला पाच मिनिटं लागतात. मला ते वीस वर्षांत निदान दोनशे वेळा ऐकावं लागलं आहे.

बरं, हे वेड त्याने डब्यापुरतं ठेवलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण या माणसाच्या घरात कोणतीही गोष्ट एकदम बंद करायची सोय नाही. पंखा पाचवर असेल तर आधी चारवर आणायचा, मग तीनवर, मग दोनवर, आणि प्रत्येक पायरीवर त्याला जरा दम घेऊ द्यायचा. माझ्या मेहुणीने मिक्सर एकदम बंद केला की हा बैठकीतून ओरडतो, “अवं, त्याले सांगून तरी बंद कर!” आमच्याकडे आला की निघण्याचा कार्यक्रम पाऊण तास चालतो. चप्पल घातलेला माणूस दारात उभा राहून, त्या दिवशी निघालेला एकेक विषय बंद करत जातो. “पापडाचं झालं? झालं. नांदुऱ्याच्या स्थळाचं काय ठरलं, नाही म्हनाचं. बरं. सरचं पेन्शनचं राह्यलं.” एखादा विषय अर्धवट सापडला की चप्पल काढून पुन्हा आत. फोनवर कुठलीही गोष्ट तीनदा सांगतो. येतो, येतो, येतो. मी एकदा चिडून विचारलं की मी बहिरा आहे का. तर म्हणतो, “एकडाव सांगतल्यानं पोचलं असं समजू नोका सर. खाली उतरून पक्कं बसाले टाइम लागते.” आणि चुलत भावाच्या लग्नातली गंमत तर अजून आमच्याकडे सांगतात. मंगल कार्यालयाच्या दारावर नवरानवरीची नावं झळकवणारी मोठी पाटी होती. ऐन मंगलाष्टकांच्या वेळी लाईट गेली, जनरेटर सुरू झाला, आणि पाटीवर नावांच्या जागी ‘येथे आपले नाव लिहा’ असं लाल अक्षरांत फिरू लागलं. लोक हसले, अक्षता टाकत राहिले. आमचा साडू अक्षता मुठीत धरूनच मंडपाबाहेर धावला, पाटीवाल्याला कॉलर धरून खांबापाशी नेलं आणि ‘हात लावू नको, त्याच्यात ते दोघं आहेत अजून’ असं ओरडू लागला. बाहेरच्या वऱ्हाडाला वाटलं, पळून गेलेल्या कुणाचा पत्ता लागला.

गिऱ्हाइकाशी त्याचं वागणं पाहिलं की हा माणूस दोन वेळचं जेवतो कसा असा प्रश्न पडतो. डबा घेऊन कोणी दुकानात आला की तो ‘काय झालं’ असं विचारत नाही. चष्मा कपाळावर चढवून तो पहिला प्रश्न करतो, “बंद कोनं केलं?” समोरचा म्हणतो, आपोआप बंद पडला. “आपोआप काईच बंद पडत नाही भाऊ. मानूस मरते तेबी आपोआप नाही मरत.” मग घरात कोण कोण होतं, मेन स्विच कुठे आहे, त्याच्यापाशी कोण उभं होतं, अशी उलटतपासणी सुरू होते, आणि कोणीतरी ‘हो, माझाच हात लागला’ असं कबूल करेपर्यंत तो डब्याला स्क्रू ड्रायव्हर लावत नाही. वडनेर भोलजीहून, म्हणजे अर्धा जिल्हा ओलांडून आलेला एक म्हातारा शेवटी वैतागून म्हणाला होता, “बरं बापा, म्याच बंद केला, फाशी दे.” हे कबुलीचं नाटक मला कधीच पटलं नाही. चूक कुणाची का असेना, डबा दुरुस्त व्हायचा तो होणारच. पण चुकलेल्या माणसाने चूक तोंडाने म्हटलीच पाहिजे, यावर हा अडून बसलेला.

कामाची पद्धत मात्र पाहण्यासारखी, एवढं मान्य करतो. डब्याचं सगळं लिहिलेलं ज्या चिपवर असतं, त्या मूळ चिपला तो हात लावत नाही. चिमट्याने काढतो, तिची पुरी नक्कल करून घेतो, मग नकलेची आणखी एक नक्कल करतो आणि मूळ चिप स्टीलच्या पोह्याच्या डब्यात बंद करून ठेवतो. मग जे काय शोधायचं, फाडायचं, उलगडायचं ते नकलेवर. “अस्सलवर हात टाकनारा कसाई,” हे त्याचं मत. दिवसदिवस पडद्यावर आकडे पाहत बसतो आणि जेवायला बोलावलं तरी ऐकू येत नाही. आमचे सासरे बसल्या बसल्या अचानक गेले, तेव्हा सगळं घर रडत होतं, आणि हा एकटाच ज्याला त्याला विचारत सुटला की बाबा शेवटी काय करत होते. बाबा बाज विणत होते. अर्धी विणून झाली होती. मला त्या वेळी त्याचा इतका संताप आला की बाजूला घेऊन मी त्याला नको ते बोललो. त्याने ऐकून घेतलं, आणि तेरावं होऊन सगळे पांगले तेव्हा दोन दिवस बसून ती बाज पुरी केली. विण चुकली आहे. त्या बाजेवर झोपलं की उजव्या बाजूला घरंगळायला होतं. सासूबाई तिच्यावरच झोपतात.

त्याचा वर्षातला सगळ्यांत वाईट दिवस म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडे नांगर, विळा, शिवणयंत्र, मोटारसायकल सगळ्यांची पूजा होते, आणि हल्ली जाळीतल्या डब्याचीही होते. आता पूजा करायची म्हणजे आधी यंत्र पुसलं पाहिजे, आणि ओल्या फडक्याने पुसायचं म्हणजे आधी मेन बंद केला पाहिजे. तेव्हा तालुक्यातले सगळे डबे खंडेनवमीच्या सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान खाडकन बंद होतात, त्यांना हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते, नारळ फुटतो आणि मेन पुन्हा वर होतो. त्यांतले बरेचसे डबे नमस्कार करून उठतात आणि विचारतात, तारीख काय. दहानंतर साडूचा फोन जो वाजायला लागतो तो थांबत नाही. त्या दिवशी तो फोनवर लोकांशी जे बोलतो ते मेहुणी मुलांच्या कानावर पडू देत नाही. “वर्षभर शिव्या देता त्याले, अन् एक दिवस पूजेसाठी मारता,” हे त्यातलं त्यातल्या त्यात सौम्य. अशाच एका खंडेनवमीला, त्याच्या या तिरसटपणापायी, जे व्हायला नको होतं ते झालं.

वंदना ही माझी जुनी विद्यार्थिनी. दहावीला भूगोलात जेमतेम पास झाली, पण हाताला देवाने वेगळंच काही दिलेलं. जालना रोडवरच्या एका गावात दिली, आणि तिथे सासरी दोन शेडनेट. एकात कंपनीचं बियाणं. कळी उमलायच्या आत तिच्यातले नराचे तुरे चिमट्याने काढायचे, दुसऱ्या दिवशी पाहिजे त्या झाडाचे परागकण लावायचे, त्या फुलाला लोकरीचा धागा बांधायचा. हे काम सगळ्या गावातल्या बायका करतात. दुसऱ्या जाळीत मात्र वंदना स्वतःची मिरची घडवत होती. बोकड्या आला की मिरचीची पानं आक्रसतात आणि झाड बसतं. तर बोकड्याला दाद न देणारी, तिखट, आणि वाळल्यावर लाल राहणारी मिरची तिला पाहिजे होती. सहा वर्षं, वर्षाला एक हंगाम धरून, ती चांगल्या झाडांतून चांगली निवडत आली होती. तिच्या जाळीत दीडशेच्या वर झाडं, आणि प्रत्येक झाडाची आई कोण, बाप कोण, आजी कोण, झाड दिसायला कसं, हे सगळं तिच्याजवळ लिहिलेलं. ते लिहिलेलं गेलं तर उरल्या त्या बाजारात विकायच्या मिरच्या. या कामात अंदाज चालत नाही. ज्या झाडाची आई माहीत नाही ते झाड कितीही टवटवीत असो, ती भेसळ, आणि भेसळ मुळासकट काढून टाकायची, ही बियाणं करणाऱ्यांची रीत. कंपनीच्या जाळीत ती पाळावीच लागते. वंदना स्वतःच्याही जाळीत पाळत होती.

पूर्वी ती हे सगळं वहीत लिहायची. तिला साडूकडे मीच पाठवलं. त्याने ती वही दोन बोटांनी उचलली, ओल्या पानाचा वास घेतला आणि म्हणाला, “हे उंदराचं खानं आहे ताई. डब्यात टाका. मी त्याच्यात जागा करून देतो.” दिली करून. ओळ आणि झाडाचा नंबर दाबला की त्या झाडाची सगळी कुंडली पडद्यावर. वंदनाने वहीतलं जुनं सगळं त्याच्यात उतरवलं आणि पुढे दोन हंगाम त्याच्यावरच लिहीत होती; आता जाळीत उभी असलेली झाडं वहीत नव्हतीच.

त्या खंडेनवमीला तिच्या सासऱ्यांनी मेन बंद केला, डबा पुसला, पूजा केली, मेन वर केला. पडद्यावर नमस्कार आला आणि तारखेची चौकट. वंदनाने साडूला फोन लावला. त्याचा तो बहुधा चाळिसावा फोन असावा. ती म्हणाली, भाऊ, डबा तारीख विचारतोय. तो म्हणाला, “विचारनारच. टाका तारीख, अन् कामाले लागा.” आणि फोन ठेवला. तिने तारीख टाकली. दसरा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशीही ती नव्या फुलांच्या नोंदी त्याच्यावर करत राहिली. तिसऱ्या दिवशी मागची एक नोंद पाहायला गेली तर पडद्यावर ओळ चारमध्ये झाडच नाही. ओळ पाचमध्येही नाही. तेव्हा तिने मला फोन केला, साडूला नाही. यातच सगळं आलं.

मी साडूच्या दुकानात जाऊन सांगितलं तेव्हा त्याने मला पूर्ण बोलूही दिलं नाही. हत्यारांची पेटी उचलली, मोटारसायकल काढली आणि मला मागे बसवलं. वाटेभर मी मनातल्या मनात हसत होतो, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं सगळ्या तालुक्याला उभं करून कबुल्या घेणारा माणूस, आज स्वतः कसा उभा राहतो ते मला पाहायचं होतं.

जाळीत शिरलो तेव्हा वंदना डब्याशेजारी उपड्या बादलीवर बसली होती. डब्याच्या फटींत हळद अजून तशीच. तिचे सासरे पुढे आले आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाले, “म्याच बंद केली मेन. ओलं फडकं लावायचं तर करंट लागंल का न्हाई? तुम्ही सांगा.” आयुष्यात पहिल्यांदा साडूला न मागता कबुली मिळाली. म्हातारा बरोबर होता. साडूने चष्मा काढून शर्टाला पुसला.

“तारीख टाकल्यावर डब्यावर काही लिहिलं का ताई?” त्याने विचारलं.

“लिहिलं की. दोन दिवस लिहिलं. तुम्हीच म्हणलात कामाला लागा.”

 मला त्या वेळी नीटसं कळलं नव्हतं, नंतर कळलं. नवा कोरा कागद जिथे पसरला, तिथेच खाली जुना चुरगळलेला पडलेला होता; नव्यावर लिहिलेलं प्रत्येक अक्षर जुन्याच्या कुठल्या तरी अक्षरावर बसत होतं. अशा वेळी डब्याला बोटही लावायचं नाही, हे तो दिवसातून दहा वेळा लोकांना ओरडून सांगतो. एवढ्या एका फोनवर सांगितलं नाही.

“तुमी काईच नाही चुकल्या,” तो म्हणाला. “बाबाबी नाही. तुमी फोन केला तवा मी आयकलंच नाही. ‘डबा तारीख विचारते’ म्हनल्याबरोबर मले समजाले पाह्यजे होतं. मी म्हनलं, टाका. मीच केलं हे.”

“मला माहीत आहे, भाऊ,” वंदना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. “माझी सहा वर्षं आहेत त्याच्यात. किती निघतंय तेवढं काढा.”

मला पाहायचं होतं ते पाहून झालं, आणि त्यात काडीची मजा आली नाही. त्याने चिमट्याने चिप काढली. नक्कल केली, नकलेची नक्कल केली, मूळ चिप पोह्याच्या डब्यात ठेवली आणि तो डबा वंदनाच्या सासऱ्यांच्या हातात दिला. पुढचे तीन दिवस तो सकाळी आठला तिथे जायचा आणि उजेड असेपर्यंत जाळीच्या दारापाशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचा. जेवण मेहुणी माझ्या हाती पाठवायची. मी जेवणाचा डबा उघडून समोर धरायचो तेव्हा तो खायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने मान वर केली आणि सांगितलं की बहुतेक नोंदी सापडल्या, पण कुठल्याच नोंदीवर नाव नाही. कागद होते, पण कोणता कागद कोणत्या झाडाचा, नेमकं तेवढंच त्यांवरून गेलं होतं. ओळ नाही, नंबर नाही. कुंडल्या सगळ्या होत्या, पण कोणती कुणाची ते सांगायला काही नव्हतं.

“वाचा,” वंदना म्हणाली.

“सगळ्या?”

“तुम्ही वाचा, मी झाडं पाहते.”

त्या दुपारी जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. पुढे वंदना, मागे लॅपटॉप हातावर पेलून आमचा साडू, त्याच्या मागे उगाचच मी. तो वाचायचा, “खोडाशी गाठ. पहिली फांदी जमिनीलगत. पान डावीकडं मुरडते, बोकड्या नाही.” ती ओळींतून चालत जायची, वाकायची, एखाद्या झाडाची पानं उलटीपालटी करायची आणि म्हणायची, “ही. लिहा ओळ सहा, झाड चौदा.” तो पुढची वाचायचा. “दुसरं फूल जोडफूल. फळ वर पाहून वाढते.” ती दोन झाडांपाशी थांबायची, दोघांची फळं हातात घेऊन पाहायची, मान हलवायची, तिसऱ्यापाशी जायची. शंका असली की म्हणायची, राहू द्या, मागून पाहू. एकदा त्याने वाचलं, “हिची आजी मला फार आवडायची,” आणि तो अडखळला, कारण असलं काही कोणी डब्यात लिहील हे त्याच्या गावी नव्हतं. वंदना जरा लाजली आणि सरळ शेवटच्या ओळीत गेली. “ही ती.” ज्या माणसाला समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं माहीत नव्हतं, तो त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, तिने हो म्हणेपर्यंत प्रत्येक झाडापाशी गप्प उभा राहिला. मला तेव्हा त्याचं फार वाईट वाटत होतं, आणि हा माणूस आपल्याला आवडतो हेही त्याच वेळी लक्षात आलं. इतकी वर्षं ते मी स्वतःला कळू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला वाचायचं संपलं. जाळीत अकरा झाडं उरली. त्यांच्या नोंदी पूजेनंतरच्या त्या दोन दिवसांत पुसल्या गेल्या होत्या, आणि त्या आता कोणालाच मिळणार नव्हत्या. साडूने नकला पुन्हा तपासल्या, आणखी एकदा तपासल्या. अकराच्या अकरा झाडं चांगली होती. दोन तर ओळीतल्या सगळ्यांहून उंच, फळांनी लगडलेली, पानावर एक सुरकुती नाही.

“अंदाजानं नाही सांगता येनार?” त्याने विचारलं. डब्याच्या बाबतीत अंदाज हा शब्द उच्चारणाऱ्याला तो दुकानाबाहेर काढतो.

“वाटतं की, ही ह्याची असंल, ती त्याची असंल,” वंदना म्हणाली. “पण वाटण्यावर बी नाही धरता येत, भाऊ. एक चुकली तर पुढं सगळ्याच चुकतील.” त्या दोन उंच झाडांतल्या एकाचं पान तिने उलटून पाहिलं. मग तिने टोपली आणली आणि अकराही झाडांच्या हिरव्या मिरच्या तोडून घेतल्या. खायला काही हरकत नसते, पेरायला असते.

“मी काढतो,” साडू म्हणाला.

तिने खुरपं त्याच्या हातात दिलं. “मुळासकट काढा. थोडं राहिलं तरी फुटतं.”

तो गुडघ्यावर बसला. आधी चहूबाजूंनी माती मोकळी केली, मग दोन्ही हातांनी बुंधा धरून झाड हळूहळू वर घेतलं आणि मुळांची माती झटकून बाजूला आडवं ठेवलं. मग दुसरं. मी मदतीला वाकलो तर त्याने नको म्हणून हात केला. अकरा झाडं काढायला त्याला पाऊण तास लागला. वंदनाच्या सासऱ्यांनी चहा आणला, तो तसाच निवला. निघताना वंदनाने त्या मिरच्यांतल्या अर्ध्या पिशवीत घालून आम्हाला दिल्या. त्याला त्या घेववेनात, म्हणून पिशवी मी घेतली.

दुसऱ्या दिवशी मेहुणीने ठेचा केला आणि आम्हा नवरा-बायकोला जेवायला बोलावलं. ठेचा झणझणीत होता, त्याला मिरचीचा एक वेगळाच वास होता, आणि माझ्या बायकोने विचारलंसुद्धा की या कुठल्या मिरच्या. मेहुणीने तिला खुणेने गप्प केलं. साडू भाकरीचा तुकडा ठेच्याला लावून बराच वेळ तसाच धरून बसला होता.

“सर,” तो म्हणाला, “त्या अकरातली एखादी, तिले पाह्यजे होती तशी असन का हो?”

  नसेल म्हणून त्याची समजूत काढावी असं वाटलं, पण ते उंच झाड मीही पाहिलं होतं.

“असेल,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि तो घास खाल्ला.